लॅबच्या डिस्कवरचे दोन व्हायरस

"फॉरमॅट करावी लागेल, दुसरा उपाय नाही," सर्व्हिस इंजिनिअर म्हणाला आणि त्याने बॅग उघडली. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून कोरी करणं. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या रंगांच्या कारखान्यात लॅबचा कॉम्प्युटर सकाळपासून सुरू होत नव्हता. त्यात चार वर्षांतल्या प्रत्येक बॅचचे टेस्ट रिझल्ट होते. परवा परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तेच तपासायला येणार होती.

बॅकअप घेणं, म्हणजे सगळ्याची प्रत फ्लॉप्यांवर काढून ठेवणं, हे माझं काम. कॉम्प्युटर विभागात मी एकटीच होते. शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा. मधे मी परीक्षेच्या रजेवर गेलेले, आल्यावर राहून गेलं. वर्क्स मॅनेजर प्रधानसाहेबांनी ती रजा नाखुशीनेच दिली होती.

नोकरी सांभाळून मी ठाण्याला संध्याकाळच्या वर्गांना जायचे. कॉम्प्युटरमध्ये मास्टर्स करत होते. प्रबंधासाठी मी 'कॉम्प्युटर व्हायरस' हा विषय मागितला, तेव्हा माझे गाइड डॉ. सबनीस म्हणाले होते की हा खोडसाळपणा आहे, विषय नाही. डेटाबेसवर काहीतरी घ्या. तरी मी हट्टाने एका व्हायरसचा प्रोग्राम कागदावर उतरवून ओळन् ओळ वाचला होता.

त्या जोरावर मी साहेबांकडे चार वाजेपर्यंतचा वेळ मागितला.

"आणि चार वाजता काय सांगाल?"

"झालं किंवा नाही झालं. तेवढंच."

"बघा. बॅकअपचं आपण नंतर बोलू."

डिस्कचे बारीक कप्पे असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. कॉम्प्युटर सुरू होताना पहिला सेक्टर आधी वाचतो. डिस्कची विभागणी कशी केली आहे ते त्यात असतं. मी अभ्यासलेला व्हायरस त्या जागी स्वतः बसायचा आणि मूळ मजकूर सातव्या सेक्टरमध्ये हलवायचा. तोच असेल तर सातव्यातला मजकूर पहिल्यात आणला की काम झालं.

माझी स्वच्छ फ्लॉपी घालून मी कॉम्प्युटर सुरू केला. पहिला सेक्टर उघडला. तिथे दुसराच व्हायरस बसला होता, माझ्या ओळखीचा नव्हे. सातवा उघडला. तिथे माझ्या ओळखीचा.

अर्ध्या तासाने उलगडा झाला. माझ्या ओळखीचा व्हायरस कधीपासून पहिल्या सेक्टरमध्ये गुपचूप होता, कोण जाणे. मग दुसरा आला. त्याला तो आधीचा व्हायरसच मूळ मजकूर वाटला, आणि त्याने तो उचलून त्याच सातव्या सेक्टरमध्ये टाकला. तिथे सांभाळलेला खरा मजकूर पुसला गेला.

डबाही उघडावासा वाटेना. मग लक्षात आलं की परचेस म्हणजे खरेदी विभागातला कॉम्प्युटर याच्याच बरोबर घेतलेला. मेक तोच, डिस्क तीच, दोन्ही मीच बसवलेले, डिस्कची विभागणीही सारखीच केलेली. मी त्याचा पहिला सेक्टर तपासला. स्वच्छ होता. तो फ्लॉपीवर घेतला. दोन्ही डिस्कच्या आकारमानाचे आकडे ताडून पाहिले. आजारी सेक्टरचीही प्रत ठेवली, चुकलं तर मागे येता यावं म्हणून.

"मॅडम, हे बिघडलं तर माझी जबाबदारी नाही," इंजिनिअर म्हणाला.

"माझी आहे," मी म्हटलं आणि सेक्टर लिहिला.

बंद केला, चालू केला. तीन वीस झाले होते. पडद्यावर बॅचची यादी सरसर वर जायला लागली. साहेबांनी जुन्यात जुन्या आणि कालच्या बॅचचे रिझल्ट उघडायला लावून फाइलमधल्या कागदांशी जुळवले. मग खुर्चीत बसले. मी आधी बॅकअप घेतला.

प्रश्न उरला, दुसरा व्हायरस आला कुठून? काल दुपारी हाच इंजिनिअर कीबोर्ड बदलायला आला होता. त्याने त्याची तपासणीची फ्लॉपी घालून कॉम्प्युटर सुरू केला होता. मी ती मागितली. त्याने बॅगेतून काढून दिली. तोच दुसरा व्हायरस त्या फ्लॉपीवर होता.

त्याचा चेहरा उतरला. "काल मी हीच घेऊन आणखी तीन कारखान्यांत गेलेलो," तो म्हणाला. "तुम्ही येता का माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःहून गाडी दिली. तीनपैकी दोन कारखान्यांत तो व्हायरस निघाला. दोन्ही ठिकाणी मी काढला. संध्याकाळी आमच्याच गाडीतून थेट ठाण्याला वर्गाला गेले.

गिऱ्हाइकाची तपासणी सुरळीत पार पडली. साहेबांनी बॅकअपवरून पाच मिनिटं सुनावलं, आणि प्रबंधासाठी लागेल तेवढी रजा घ्या म्हणाले. डॉ. सबनीसांनी माझी टिपणं दोनदा वाचली. "विषय हाच ठेवा," ते म्हणाले, "आणि मलाही जरा शिकवा." तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी वेळ संपल्यावरही मला सोडलं नाही. वर्गात मी पहिली आले.

पुढे हेच माझं काम झालं. एवढ्या वर्षांत शिकले ते इतकंच: दुरुस्तीला आलेल्या माणसाची फ्लॉपी सगळ्यात आधी तपासावी. तो माणूस मी असले तरी.