आईच्या पायाखालचा ब्रेक

बाबा शिंपी आहेत, पण आमच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. बावीस वर्षं प्लग, क्लच, सायलेन्सर, सगळं घरच्या अंगणात. काम जमलं की दिवसभर स्वारी खुशीत असते. पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ज्या दिवशी, त्याच सकाळी पुढचे ब्रेक उघडून बसायचं?

"काल ब्रेक मारला की डावीकडे ओढत होती. तशीच घाटात नेणार होतीस का?" बाबा म्हणाले. ते खरं होतं.

चारला घाटाखालच्या दवाखान्यात पोचायचं होतं. गाडी मी चालवणार, शेजारी आई. बाबा दुकानात.

दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे चाकामागची तबकडी चिमट्यासारखे आवळणारे भाग, त्यांनी काढून, घासूनपुसून परत बसवले. राहिलं ब्रेकच्या नळीतली हवा काढणं. हे काम जोडीचं. आई सीटवर बसून पेडल दाबते, बाबा चाकापाशी आडवे होऊन स्क्रू सैल करतात, की हवा तेलासोबत बाटलीत येते.

"दाब!"

"दाबलं."

"धरून ठेव! हं, सोड."

यांचा अर्धा संसार एवढ्याच शब्दांवर झाला, असं मी चिडवते. त्या दिवशी चिडवायला सुचलं नाही.

बाराला बाबा उठले. "झालं."

आई जागची हलली नाही. "नाही झालं. मऊ लागतंय."

"तुला काय कळतंय त्यातलं? बाटलीत एक बुडबुडा नाही, नुसतं तेल येतंय."

"बावीस वर्षं दाबतेय मी."

"नुसता पाय तर ठेवायचा असतो!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दार उघडून, वाकून मी हातानं पेडल दाबलं. कणकेत बोट जावं तसं ते खाली गेलं. "बाबा, आई बरोबर बोलतेय. मी टॅक्सी बोलावते."

टॅक्सी म्हटल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. "एकदा करून बघू," म्हणाले. एकदाचं तीनदा झालं. नव्या तेलाची दुसरी बाटली संपत आली, एक वाजून गेला, पेडल मऊ ते मऊच. मला बाबांचा राग येत होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

मग बाबा डाव्या चाकापाशी बसले, उठून उजव्यापाशी गेले, परत डाव्यापाशी आले.

"स्क्रू खालच्या अंगाला आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "हवा वर अडकते, आणि मी खालून काढतोय. उजवा कॅलिपर डावीकडे बसवलाय मी, डावा उजवीकडे. बाह्या उलट्या जोडल्यासारखं."

काढलेले भाग ते जुन्या चादरीवर मांडतात. डावे डावीकडे, उजवे उजवीकडे.

आई चाचरत म्हणाली, "चादर उन्हात होती. रबर तापेल म्हणून मी ओढून सावलीत आणली. फिरली असेल."

आता ज्वालामुखी फुटणार, असं मला वाटलं.

"कापडाच्या तुकड्या-तुकड्यावर खडूनं खूण करतो," बाबा म्हणाले. "इथं केली नाही. चूक माझी."

हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते.

मग पाऊण तास अदलाबदल, पुन्हा दाब, धर, सोड. दोनला ते खिडकीशी आले, पण झालं म्हणाले नाहीत. "बघ गं," एवढंच. आईनं पेडल दाबलं, धरलं, सोडलं, परत दाबलं. बाबा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून.

"आता झालं," आई म्हणाली.

कोपऱ्यापर्यंत नेऊन मी ब्रेक मारून पाहिला. गाडी जागच्या जागी उभी. परत आले तर बाबा मागच्या सीटवर चढले.

"दुकान?"

"राहू दे."

घाटाच्या पहिल्या वळणावर गाडी अलगद हळू झाली. मागून बाबांचा आवाज आला. "मी तेव्हा झालं म्हटल्यावर तू उठली असतीस, तर..."

"उठतेय कशाला," आई समोर बघत म्हणाली. "अहो, पोरगी चालवणार होती ना."