पहिला वाण, दुसरा वाण

स्खिपोल विमानतळाच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा बारीक पाऊस होता आणि वारा असा, की निखिलने उघडलेली छत्री उलटी झाली आणि पुढच्या झोताने पुन्हा सरळ झाली. आजूबाजूला कुणीही छत्री उघडलेली नव्हती. २०२० चा फेब्रुवारी. मी आणि सुमन दोन महिन्यांसाठी मुलाकडे आलो होतो. परतलो ते ऑगस्टात.

या मुक्कामावर मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात पूर्वी एक लेख लिहिला होता. त्यातल्या पवनचक्क्या, चीज आणि सायकली बरोबर होत्या. औषधाचा परिच्छेद खोटा होता. म्हणून हा प्रवास पुन्हा लिहितो आहे.

निखिल बेस्ट नावाच्या गावात राहतो. आइंडहोवनला लागूनच आहे आणि गावात बरेचसे इंजिनिअर. विमानतळापासून तिथपर्यंत एकही टेकडी लागली नाही. एकदा गाडी थोडी वर चढली, तर निखिल म्हणाला, पूल आहे. घरी नात ईशा जेवणाच्या टेबलावर पावावर हाखलस्लाख (चॉकलेटचे बारीक दाणे) पसरून खात होती. वय साडेपाच. मराठी सगळं समजायचं, उत्तर डचमध्ये यायचं. सुमन तिच्याशी साताऱ्याचं मराठी बोलायची आणि डच उत्तरावर मान हलवायची. दोघींचं चांगलं चालायचं.

मार्चमध्ये सगळं बंद होणार असं टीव्हीवर जाहीर झालं. त्या संध्याकाळी निखिलबरोबर आइंडहोवनहून परत येताना एका दुकानासमोर कोपऱ्यापर्यंत गेलेली रांग दिसली. मला वाटलं, पाव संपत आला असावा. निखिल म्हणाला, ते कॉफीशॉप. तिथे कॉफीपेक्षा गांजा जास्त विकला जातो. कायद्याने परवानगी नाही, पण ठरावीक प्रमाणात विकला तर सरकार बघूनही बघत नाही. याला डचमध्ये खदोखन म्हणतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळतो तो मात्र पूर्ण कायदेशीर, सरकारच्या देखरेखीखाली पिकवलेला. मी त्याला म्हटलं, मला दोन्हींशी कर्तव्य नाही. मी निवृत्त मुख्याध्यापक. दर वर्षी शाळेच्या मैदानावर मुलांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणवून घेतलेली.

विमानं बंद झाली. एप्रिलअखेर सुमनच्या साताऱ्याहून आणलेल्या गोळ्या संपल्या. मधुमेहामुळे तिच्या पायांच्या नसा गेलेल्या आहेत. तळपायांची आग होते, चादर टेकली तरी सहन होत नाही. हाउसआर्ट्स (घरची डॉक्टर) फोनवर म्हणाली, पॅरासिटामॉल घ्या. इथे सुरुवात त्यानेच होते, असं सूनबाई म्हणाली. नंतर डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं बदलून पाहिली. एकाने पाय सुजले, दुसऱ्याने सुमन दिवसभर पेंगायला लागली. मग व्हिडिओवर त्यांनी तिसरं सुचवलं. निखिलने मराठीत सांगताना ‘वनस्पतीजन्य औषध’ असा शब्द वापरला.

“कोणती वनस्पती?” सुमनने विचारलं.

“गांजा, आई.”

“मग आण की.”

मला कुणी विचारलं नाही.

आपोटेकमधून (औषधाच्या दुकानातून) वाळलेल्या फुलांची डबी आली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की या झाडाचे वेगवेगळे वाण असतात. एकाने गुंगी जास्त येते, दुसऱ्याने कमी. आधी सौम्य वाण द्यायचा, गरज पडली तर पुढचा. फुलं पाण्यात घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर पाव तास उकळायची. औषधी अंश स्निग्धात उतरतो म्हणून थोडं दूध किंवा साय घालायची. म्हणजे आपला चहा करतात तसंच. आमच्याकडे निवृत्तीपासून चहा मी करतो. साहजिकच हेही काम माझ्याकडे आलं.

मी काय केलं ते आता लिहितो. ती फुलं मी मागच्या अंगणातल्या हिरव्या डब्यात टाकली. तिथे भाजीची देठं आणि गवत टाकतात. कचऱ्याचं वर्गीकरण मी बरोबर केलं होतं. सुपरमार्केटमध्ये ब्रांडनेटल (अंगाला लागली की खाज आणणारी एक वनस्पती) वाळवून विकतात, तो पाला आणला आणि रोज तोच दूध घालून उकळून सुमनला दिला. तिला गांजाची चव माहीत नव्हती. ती नाक धरून प्यायची आणि कप धुऊन ठेवायची. मला वाटत होतं, मी तिला सवयीपासून वाचवतो आहे. तिच्या पायांना कशापासून वाचवायचं आहे, याचा मी विचार केला नाही.

त्याच आठवड्यांत ईशा सायकल शिकत होती. जवळच कालवा आहे, त्याच्या कडेच्या सपाट रस्त्यावर. जाताना ती रोज दारात थांबून हाक मारायची, “आजी, कोम!” (चल!) हा शब्द सुमनला कळायला लागला होता. पायात मोजे चढत नव्हते. ती म्हणायची, उद्या. मग मीच जायचो.

डॉक्टरीणबाईंनी चौकशी केली. काही फरक नाही, असं सुमनने प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी नोंद केली की पहिला वाण या रुग्णाला लागू पडत नाही, आणि दुसरा, जास्त तेज वाण लिहून दिला. हाही चालला नाही तर मॉर्फिनच्या जातीचं काहीतरी द्यावं लागेल, असंही म्हणाल्या. त्या शब्दाला मी घाबरलो. दुसरी डबी मी टाकली नाही. सांगितल्याप्रमाणे उकळली.

आठवडाभरात सुमन मोजे घालायला लागली. थोडी गरगर व्हायची, म्हणून डोस कमी केला. ज्या व्यसनाची मी धास्ती घेतली होती, त्याचं एवढंच लक्षण दिसलं, की एका दुपारी ती भाजणीच्या थालीपिठाच्या आठवणीने बराच वेळ हसत होती. जूनमध्ये ती कालव्यापर्यंत चालत जाऊ लागली. ईशा तोवर सायकलवरून पुढे निघून जायची आणि वळून घंटी वाजवायची.

सुमन ज्याला त्याला सांगायला लागली, पहिला वाण कुचकामी, दुसराच घ्या. टिलबर्गच्या एका मराठी मुलीची आई आमच्यासारखीच अडकली होती, तिलाही तसंच दुखणं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुमनचं वाचून तिने पहिल्याला नकार दिला, तेज वाणाचाच हट्ट धरला. तिला चक्कर यायला लागली आणि तिने औषधच सोडलं. हे ऐकूनही मी गप्प बसलो. अंकातल्या लेखात तर मी सुमनचंच वाक्य छापलं.

ऑगस्टात विशेष विमानात जागा मिळाली. औषध भारतात नेता येत नाही, कायद्याने गुन्हा होतो. उरलेली डबी मी आपोटेकमध्ये परत दिली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, उपयोग झाला का? मी म्हटलं, खूप. साताऱ्याला आल्यावर काही दिवसांत सुमनचे मोजे कपाटात गेले. तिला विनादुखण्याचे जे दिवस मिळायचे होते ते तेवढेच होते, आणि त्यातले सुरुवातीचे मी हिरव्या डब्यात टाकले होते.

गेल्या महिन्यात हा मजकूर लिहायला घेतला, तेव्हा आधी तिला सांगितलं. ती पलंगावर पाय उघडे ठेवून बसली होती. माझं संपल्यावर म्हणाली, “ईशा सायकल शिकली ते तेव्हाच ना?”

“हो.”

“पहिल्यांदा मागचा हात सोडला तेव्हा तुम्ही होतात तिथे?”

“होतो.”

“पडली का?”

“नाही. सरळ गेली.”

तिने मान हलवली, ईशाच्या डच उत्तरांना हलवायची तशी. मग म्हणाली, टिलबर्गच्या त्या मुलीचा नंबर द्या. पहिला वाण म्हणून आपण खरं काय प्यायलो होतो, ते सुमनने तिच्या आईला फोनवर सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. म्हणाली, घरात चूक झाली.

चहाची वेळ झाली होती. मी उठलो.

“तुम्ही बसा,” ती म्हणाली, आणि अनवाणी पाय जपून टेकत स्वयंपाकघरात गेली.

तेव्हापासून आमच्याकडे चहा ती करते. उकळायला लागतो तेवढा वेळ ती ओट्यापाशी उभी असते आणि मी बसलेला असतो. मग ती कप माझ्यासमोर ठेवते, आणि मी पितो.