हळद लावलेला हात

नातीचं कोपर मोडलं तेव्हा पहिली चूक मी केली.

ती सहा वर्षांची. सुट्टीला आमच्याकडे, औंढ्याजवळच्या गावी आली होती. अंगणात रचलेल्या हळदीच्या पोत्यांवरून तिनं उडी मारली आणि उजव्या हातावर पडली. कोपर सुजलं. मी हळद गरम करून बोटांपर्यंत लेप दिला, वर लुगड्याची पट्टी घट्ट आवळली. मुक्या मारावर आमच्याकडे हेच करतात. हा मुका मार नव्हता.

तासाभरानं ती म्हणाली, "आजी, बोटाला मुंग्या येऊन राहिल्या."

बोटं थंडगार लागली. शेजाऱ्यांची जीप काढून आम्ही हिंगोली गाठली.

डॉक्टरांनी पट्टी कापली, एक्स-रे पाहिला, मनगटावर बोट ठेवून बराच वेळ थांबले. मग तिचं नख दाबलं.

"ही हळद कोणी लावली?"

"मीच."

"नख दाबून सोडलं की गुलाबी व्हायला हवं. इथं सगळंच पिवळं. रक्त पोचतंय का, मला कसं दिसणार?"

सिस्टरनं स्पिरिटनं नखं घासली. खालून पांढुरकी निघाली. 

"मोडलेलं हाड रक्तवाहिनीवर दाबतंय," डॉक्टर म्हणाले. "भूल देऊन हाड बसवतो, तारा घालतो. तरी रक्त आलं नाही, तर कोपराशी चिरून रक्तवाहिनी बघावी लागेल."

पुण्याला माझ्या मुलीला, म्हणजे तिच्या आईला, फोन लावून सगळं सांगितलं.

"आई, हात राहील ना?"

"माहीत न्हाई. सही करू का?"

"कर."

बाहेर आमचे हे म्हणाले, "गावाला शहाणपण शिकवतीस तू, आन् घरच्या पोरीला हे केलंस."

 मी चकरा मारत राहिले.

डॉक्टर बाहेर आले. "दोन तारा घातल्या. नाडी लागली. हात गरम आहे. पण बोटं हलवणाऱ्या नसेला मार असू शकतो. जागी झाल्यावर बघू."

ती जागी झाली, रडली, पाणी मागितलं.

"बेटा, बोटं हलव."

चार बोटं हलली.

"आता अंगठा."

तिनं ओठ आवळून जोर लावला. अंगठा तसाच.

"बहुतेकांच्या अंगठ्यात जोर परत येतो," डॉक्टर म्हणाले. "वेळ लागतो."

"आन् न्हाई आला तर?"

"बघत राहू."

मी मुलीला फोन लावला. हात वाचला हे आधी सांगावं, एवढंही मला सुचलं नाही. म्हणाले, "अंगठा हलत न्हाई."