सोडलेला पाय

साळवे सर क्लास सुटल्यावर ट्यूबलाइट पायाने बंद करायचे. पोरं सारखी बटणाशी चाळा करतात म्हणून आमच्या समाजमंदिरातलं बटण मुद्दाम उंचावर, माणसाच्या डोक्याच्याही वर बसवलेलं. सर त्याच्यासमोर एका पायावर उभे राहत, दुसरा पाय सावकाश वर नेत आणि अंगठ्याने बटण दाबून अंधार करत. अंधारात आम्ही टाळ्या पिटायचो. मग त्यांचा आवाज यायचा, "टाळ्या पुरं. चपला आपापल्याच घाला."

सर साखर कारखान्यात फिटर होते आणि कराटे हा त्यांचा नाद. पण श्रीगोंद्याजवळचं आमचं गाव म्हणजे पैलवानांचं. माझे वडील, आबा, तालमीचे वस्ताद. सरांनी क्लास काढला तेव्हा पारावर लोक विचारायचे, "हा नाच हाय का मारामारी?" मुलीच काय, मुलंही कुणी पाठवेना.

त्या वर्षी यात्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात, शेवटची कुस्ती संपल्यावर, कुणीतरी भोंग्यावरून सर आणि आबांची गंमत म्हणून लढत पुकारली. आबा तेव्हा पन्नाशीपुढचे, पण त्यांनी धरलेलं मनगट भल्याभल्यांना सोडवता येत नसे. सरांचा पाय वर गेला, आबांचा फेटा उडून मातीत पडला. आबा दोन पावलं मागे सरले आणि हात जोडून म्हणाले, "हारलो बुवा." सगळा आखाडा शिट्ट्यांनी दणाणला. दुसऱ्या दिवशी क्लासला जागा पुरेना. पहिलं नाव आबांनीच घातलं, माझं. वस्तादांनीच मुलगी घातली म्हटल्यावर शेजारच्या सारिकाच्या वडिलांनीही तिला पाठवलं.

सर म्हणायचे, "पाय म्हंजी लांब हात. समोरचा जवळ यायच्या आत त्याच्या कानाखाली." मी दोरीवरचे टॉवेल लाथेने पाडून आईच्या शिव्या खात असे. सारिका मात्र खरी गुणाची. तिचा पाय वर गेला की सर स्वतः थांबून बघत राहायचे. मला तिचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

सारिका कॉलेजला श्रीगोंद्याला जाऊ लागली. एकदा स्टँडवर एका पोराने तिची ओढणी ओढली. तिने शिकवल्याप्रमाणे पाय उचलला, थेट कानाच्या रोखाने. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. धरला आणि सोडेचना. "घाल लंगडी, घाल लंगडी," म्हणत तिला त्याने सगळ्या स्टँडभर नाचवलं आणि मग ढकलून दिलं. मनगट मोडलं, ते पुढे जुळलं. पण त्याच्या मित्राने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, तो संध्याकाळपर्यंत गावात आला. तिच्या वडिलांनी कॉलेज बंद केलं.

सर त्या रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहाला हात लावला नाही.

"आबा, हगाम्यात माझा पाय तुमच्या हातात आला हुता. घोट्यावर बोटं मिटलेली मला कळली हुती. का सोडला?"

आबांनी सुपारी कातरायला घेतली. "धरला आसता तर तुमाला आपटावं लागलं आसतं. मग ह्या गावात एक तरी पोरगी क्लासला आली आसती का?"

"सोडला नसता तर सारिका आज कॉलेजात आसती."

"मला वाटलं, पोरी जरा धीट हुतील. मी पोरींचं बघितलं, सर."

"व्हय. तुमी पोरींचं बघितलं," सर म्हणाले. "मी टाळ्यांचं बघितलं. ठावं आसून शिकवत ऱ्हायलो."

मी दाराआड होते. मला दोघांचाही संताप आला. माझी सगळी ऐट त्या पडलेल्या फेट्यावर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी पालकांनाही बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "फेटा मी पाडला न्हाई. आबांनी पाडू दिला." मग आमच्याकडे वळले. "एक पाय वर गेला की अर्धा मानूस पडलेलाच आसतो. स्पर्धेत खुशाल वर मारा, तिथं पंच आसतो. स्टँडवर पंच न्हाई. तिथं नडगीवर मारा, बोंब ठोका आन पळा."

"पळायला क्लास लागतो व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले आणि बहुतेकांनी मुलं काढून घेतली. त्या दिवसापासून सर दिवा बंद करायला स्टूल घेऊ लागले.

सारिकाच्या वडिलांकडे ते रोज जायचे. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "तुमी संगं जात आसाल तर पाठवतो." सरांनी कारखान्यात दुपारची पाळी मागून घेतली आणि रोज सकाळी तिच्या एसटीत मागच्या बाकावर बसू लागले. लोक विचारायचे, "सर, तुमची डिग्री कवा?" सारिकाच त्यांना एकदा म्हणाली, "सर, चूक त्या पोराची हुती."

"त्याची हायच," सर म्हणाले. "पन त्याच्या हातात पाय मी दिला."

तिची पदवी झाली तरी हे त्यांच्या मनातून गेलं नाही. ती दिसली की आधी तिच्या मनगटाकडे बघायचे.

यंदा सर निवृत्त झाले आणि कोपरगावला लेकीकडे राहायला निघाले. शेवटच्या क्लासला आम्ही जुन्या मुली जमलो. सारिका ड्यूटीवरून तशीच खाकीत आली. ती आता एसटीत कंडक्टर आहे. आबा बटणाजवळच्या बाकावर काठी घेऊन बसले होते.

"सर, आज स्टूल नको," सारिका म्हणाली. "एकदा पायानं."

सर नको नको म्हणत होते, पण मुली ऐकेनात. त्यांनी चप्पल काढली, भिंतीला हात टेकवला. पाय उठला, कमरेपर्यंत आला आणि थरथरू लागला. तेवढ्यात आबांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला आणि घोटा धरला.

सगळ्या हसल्या.

"ह्या बारीला धरलाय बरं का, सर."

"धरा, आबा," सर म्हणाले. "तवाच धरायला पायजे हुता."

आबांनी तो पाय दोन्ही हातांनी हळूच जमिनीवर ठेवला. सारिकाने स्टूल ओढलं, वर चढली आणि हाताने दिवा बंद केला. अंधारात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.