तांब्याचा पैसा आणि कामठीचा व्हिडिओ कॉल

परवा दुपारी एक व्हिडिओ कॉल झाला आणि तेव्हापासून मी त्याचाच विचार करतेय...

माझं नागपुरात छोटंसं मेडिकल स्टोअर आहे. मे महिन्यात दुपारी ओआरएस मागायला कोणी आलं तर आलं, नाहीतर मी, कूलर आणि फोन. फोनवर मी जुनी नाणी बघत बसते. हा नाद लग्नाच्या आधीपासूनचा, त्यामुळे नवऱ्याला तक्रारीची सोय नाही.

तर आठवडाभर एका नाण्याने माझं डोकं खाल्लं होतं. भोसल्यांच्या काळातला तांब्याचा पैसा, आमच्या नागपूरच्याच टाकसाळीतला. जाडजूड, ओबडधोबड, वर अर्धवट उमटलेली फारसी अक्षरं... आणि किंमत बारा हजार. नवरा म्हणाला, एवढ्यात इतवारीच्या बाजारात तांब्याचा चांगला हंडा येईल, निदान पाणी तरी पिता येईल.

मला मात्र दुसरंच खटकत होतं. इतका जुना पैसा फोटोत चकचकीत कसा? जुनं तांबं काळपट पडतं, हिरवट होतं. नकली असेल तर बारा हजार पाण्यात... आणि अस्सल असेल तर दुसऱ्या कोणी उचलायच्या आत घ्यायला हवा.

शेवटी विकणाऱ्याला विचारलंच. कामठीचा एक तरुण होता, बोलायला अगदी मोकळा. "ताई, आईच्या देवातला हाय तो. नवरात्रात घटात टाकते, बाकी वर्षभर चिंचेनं घासून देवात ठेवते. म्हणून चमकून राहिला."

मग विकायचा कशाला? तर आईच्याच खोलीसाठी मोठा कूलर घ्यायचा होता. आईला विचारलं आहे का, हे विचारणं मला सुचलंच नाही. चमकेचं कोडं सुटलं, याच आनंदात मी होते.

आता फक्त कड बघायची राहिली होती. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला जोडाची बारीक रेघ दिसते. त्या उन्हात कामठीपर्यंत जायची हिंमत नव्हती, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. त्याने पैसा दोन बोटांत धरला आणि कॅमेऱ्यासमोर हळूहळू फिरवायला लागला... रेघबिघ काही नव्हती. मी 'घेते' म्हणणार, तेवढ्यात पैसा त्याच्या बोटांतून सटकला.

फरशीवर टणकन आवाज झाला आणि पुढे काही दिसेना. त्याने फोन टीव्हीला टेकवून उभा केला आणि शोधायला लागला. बायकोही झाडू घेऊन आली. दोघं दिवाणाखाली वाकलेले, मला नुसत्या पाठी दिसतायत... आणि इकडे दुकानात माझा जीव टांगणीला. अजून एक रुपया दिला नव्हता, तरी माझंच काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं.

त्याच दिवाणावर त्याची आई पाय खाली सोडून बसली होती. पैसा घरंगळत तिच्या पायाशीच येऊन थांबला होता. मला स्क्रीनवर तो स्पष्ट दिसला. सांगायला मी तोंड उघडलं... आणि तिने त्यावर पाऊल ठेवलं.

आणि लगेच दोन्ही हात जोडले. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. आपल्याकडे चुकून रुपयाला पाय लागला तरी आपण तो उचलून कपाळाला लावतो. ही बाई देवातल्या पैशावर जाणूनबुजून पाय देऊन बसली होती आणि त्याच देवाची माफी मागत होती. मला एकदम गलबलून आलं.

डोळे उघडले तेव्हा ती थेट फोनकडे बघत होती. मी पाहिलंय, हे तिला कळलं होतं.

"आई, पाय वर घे नं, खाली झाडायचं हाय," मुलगा म्हणाला.

"माहे गुडघे दुखून राहिले," ती म्हणाली. नजर माझ्यावरच.

मुलगा फोनकडे वळला. "ताई, तुमाले दिसला काय, कोठी गेला त?"

एका शब्दाचं काम होतं. बारा हजार तयार होते, नाणं अस्सल होतं आणि मला ते फार फार हवं होतं...

"नाही हो, नाही दिसला," मी म्हणाले. "आणि सापडला तरी मला नको."

"काहून ताई?"

"घासलेलं नाणं संग्रहात चालत नाही. देवातच ठेवा." हे निम्मंच खरं होतं. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो इतकंच, मी तर तसंही घेणार होते.

फोन ठेवला आणि वाईट वाटलं ते त्या कूलरचं. पोरगा आईसाठीच धडपडत होता आणि मी ऐनवेळी माघार घेतली. घरी नवऱ्याला सगळं सांगितलं.

काल सकाळी त्याच नंबरवरून फोन आला. आवाज आईचा होता, सुनेकडून लावून घेतला होता.

"तू सांगतलं नाही नं वं," ती म्हणाली. "घट बसतीन तवा येजो. हातात घेऊन बघजो त्याले, जितका वेळ बघाचा तितका."

मी चाचरत कूलरचं विचारलं. म्हटलं, माझ्यामुळे तुमचा कूलर राहिला.

"गर्मी काय वं बाई, पावसाचं पाणी आलं का जाते."

आजवर इतकी नाणी बघितली, पण एखादं नाणं बघायला या, असं कोणी घरी बोलावलं नव्हतं... नवरात्रात मी कामठीला जाणार आहे.