ढिगाकडे तोंड

अकोल्याला उतरलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. डोक्यात मात्र पुण्यातून निघतानाचं आमच्या तरुण दिग्दर्शकाचं बोलणंच घोळत होतं. "काका, सोमवारी चाचणी. वऱ्हाडी बागायतदार वाटलात तर सिनेमातल्या बापाची भूमिका तुमची. नाहीतर दुसरे एक काका तयार आहेत."

तीस वर्षं मी रंगभूमीवर मुनीम आणि पडद्यावर पोस्टमन, डॉक्टर, मरणारा सासरा केलाय. मोठी भूमिका ही पहिलीच! आणि ते दुसरे काका? मेल्यासारखं पडून राहायलासुद्धा त्यांना तीन टेक लागतात.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात चहा घेतला. चहावाला मला निरखत म्हणाला, "तुमी ते सिरियलमधले ना? आता पुन्हा कवा मरून राहिले?"

"बोलावणं आलं की," मी म्हणालो. त्यानं खूश होऊन अर्धा कप जास्तीचा दिला.

दुपारी अमरावतीत उतरून गिला वडा (दही-चटणीत भिजवलेला वडा) खाल्ला. निम्मी चटणी सदऱ्यावर सांडली. चला, वेशभूषेला सुरुवात झाली म्हटलं आणि वरूडची बस धरली.

वरूडला मित्राच्या मेहुण्याची संत्र्याची बाग आहे; बागायतदार तिथंच शिकायचा होता. तोडलेल्या संत्र्यांचा ढीग झाडाखाली पडलेला, भोवती बाया लहान-मोठं फळ निवडत बसलेल्या. धोतर, टोपी घालून मीही बसलो. निवडता निवडता कपाळावरचा घाम पुसला, सुस्कारा टाकला. काय अभिनय होता, आहाहा!

साठीच्या वेणूबाई सगळ्यांत जुन्या; सिरियलमधलं माझं मरण त्यांनीही पाहिलेलं. त्या बराच वेळ बघत होत्या. "काहून भाऊ, ढिगाकडे पाठ करून कोणाले तोंड दाखवून राहिले तुमी? रस्त्यावर तं कुत्रंबी नाही."

बाया खो-खो हसल्या. मी खाली पाहिलं. खरंच की! मी रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो आणि हात मागे नेऊन संत्री चाचपत होतो. माझ्या पहिल्या नाटकाच्या मास्तरांनी दम भरला होता, प्रेक्षकांना पाठ दाखवलीस तर याद राख. दोन वाक्यांच्या नटाजवळ तोंडाशिवाय असतं काय? पण मला भयंकर लाज वाटली.

"सरका इकडे," वेणूबाई ढिगातल्या फळाकडे बोट दाखवत म्हणाल्या. "फयाकडे पाहा. तुमच्याकडे कोनी नाही पायत."

दोन दिवस रस्त्याकडे पाठ करून बसलो. मागून गाडी गेली की मान आपोआप वळायची, ती आवरताना जीव जायचा. तिसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्यानं मागून विचारलं, "ओ बाबाजी, मालक कुठी हायेत?" हातातलं फळ न सोडता मी म्हणालो, "विहिरीवर." तो मुकाट तिकडे गेला. वेणूबाईंनी मला एक संत्रं सोलून दिलं.

सोमवारी पुण्यात चाचणीच्या खोलीत मी वरूडहून आणलेली संत्र्यांची पेटी जमिनीवर ओतली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून निवडायला बसलो.

"काका, चेहरा?" दिग्दर्शक म्हणाला. मी एक डागी फळ बाजूला काढलं. मग कॅमेरा उचलल्याचा आवाज आला आणि कॅमेरामन ढिगाला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तीस वर्षं कॅमेरा असेल तिकडे मी सरकत आलो होतो. माझ्यासाठी कॅमेरा पहिल्यांदाच सरकला. डोळे भरून आले, पण मी वर पाहिलं नाही. निवडायचं बरंच बाकी होतं.

भूमिका मिळाली. संध्याकाळी वेणूबाईंना फोन केला.

"या खेपेले मरत तं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग पायतो आमी."