सहा पावलांवरचा जॅक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं या ग्रुपवर मी नुसती वाचते आहे... आणि वाचताना हसते, हेही सांगून टाकते. पांढरी साडी, पिंपळ, पैंजणांचा आवाज... या भुतांना दुसरा काही उद्योग नाही का, असं वाटायचं. माझ्या हकिगतीत यातलं काहीही नाही. दुपारचे साडेतीन वाजलेले, लख्ख ऊन, आणि सगळा प्रकार घडला तो होडीच्या ट्रेलरचा जॅक बदलताना. हसा. मी तुमच्या जागी असते तर मीही हसले असते.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरवय! (आता सत्तर.) आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळून नुकतीच रिटायर झाले होते. नट-बोल्टच्या पेट्यांमध्ये आयुष्य गेलं, त्यामुळे जगातलं प्रत्येक मशीन आपल्याला कळतं अशी माझी पक्की समजूत. भूत नाही, करणी नाही, नजर-बिजर काही नाही, हे मी कोणी न विचारता सांगत फिरायची. काय तो तोरा! आज ती बाई समोर आली तर मी रस्ता बदलेन.

आमचं घर बदलापूरजवळ, जांभूळला. अंगणात फायबरची होडी, दोन चाकांच्या ट्रेलरवर. आमच्या ह्यांची ती हौस. विसर्जनाला गावातले मोठे गणपती तिच्यातून उल्हास नदीच्या मधल्या धारेपर्यंत न्यायचे. हे गेले, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

ज्यांनी असा ट्रेलर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. ट्रेलरला पुढे एक निमुळती लोखंडी दांडी असते, ती टेम्पोच्या हुकात अडकते. हे तिला 'चोच' म्हणायचे. चोचीखाली एक उभा पाय, हँडल फिरवलं की तो वरखाली होतो आणि चोच उचलली जाते. तोच जॅक. आमचा जॅक गंजून जागच्या जागी बसला होता, पाय आत ओढलेला. आधीच्या विसर्जनाला चार जणांनी हातांनी चोच उचलली, त्यात एकाची बोटं थोडक्यात वाचली. म्हणून मी ठरवलं, यंदा नवा जॅक.

उल्हासनगर कॅम्प तीनला सून कामाला. कविता जीन्सच्या कारखान्यात शिलाई करते. इतका झरझर हात चालतो तिचा की मालक पाव्हण्यांना दाखवायला तिच्या मशीनपाशी आणतो. तिच्याच बरोबर शेअर रिक्षाने जाऊन मी एका हार्डवेअरवाल्याकडे उभी राहिले.

"आंटी, नाव-वाव का नहीं है अपने पास," दुकानदार म्हणाला. "ट्रॅक्टर की ट्रॉली का है. चलेगा?"

"चलेगा क्या, दौडेगा," मी म्हणाले. सव्वीस वर्षांचा अनुभव ना!

अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. सकाळी जोरदार सर येऊन गेली होती, दुपारी ऊन. मुलगा प्रशांत सुट्टी काढून घरी. मी खुर्ची टाकून अंगणात सुपरवायझर.

आता माझी पहिली अक्कल ऐका. जॅक काढायचा तर चोचीला खालून आधार हवा. ह्यांच्याकडे त्यासाठी बाभळीचा एक जाडजूड ठोकळा होता. "जॅक उचलायला असतो, धरायला ठोकळा लागतो," असं ते दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी तोंड फिरवायची. तो ठोकळा मी गेल्या थंडीत फोडून बंबात घातला होता. पायात येत होता म्हणून. दोन दिवस छान कढत पाणी मिळालं.

"आई, बाबांचा ठोकळा कुठाय?" प्रशांतने विचारलं.

"ठोकळ्याला काय सोनं लागलंय? ते बघ, समोरच्या बिल्डिंगचे ब्लॉक पडलेत. दोन आण."

ते पांढरे, हलके ब्लॉक. बदलापुरात आता घराघराला तेच वापरतात, गल्लोगल्ली ढीग पडलेले असतात. भिंतीत उत्तम. पण सकाळच्या पावसात भिजलेला तसला ब्लॉक लोखंडी चोचीखाली ठेवायचा नसतो, हे माझ्या स्टोअरच्या रजिस्टरात लिहिलेलं नव्हतं. वर होडीत पावसाचं पाणी साचलेलं, तेही सगळं पुढच्या बाजूला आलेलं. ते ओतून टाकावं, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

चाकांना दगड लावले. दोन ब्लॉक एकावर एक ठेवून त्यांवर चोच टेकवली. प्रशांतने घाव घालघालून जुन्या जॅकचे चारही बोल्ट काढले आणि जॅक उचलून तुळशीमागे पाण्याच्या पिंपापाशी आडवा टाकला. ट्रेलरपासून सहा पावलं. मी नंतर मोजलीत, एकदा नाही, शंभरदा.

नवा जॅक जागेवर धरला. दोन बोल्ट सहज बसले. तिसऱ्याचा नट मागच्या बाजूला, जॅकची लोखंडी पट्टी आणि चोच यांच्या फटीत. प्रशांतचा पंजा जाईना.

"मी सतरा नंबरचा लांब पाना घेऊन येतो," म्हणत तो घरात गेला.

आणि मला दम धरवेना. कविता तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली.

"कविता, तुझा हात बारीक आहे. खालून घाल आणि नट धर जरा."

तिने ब्लॉककडे पाहिलं. "आई, हे येऊ देत ना."

"अगं, दोन मिनिटांचं काम. कंपनीत अशी शंभर कामं करून घेतलीत मी पोरींकडून."

खोटं! एकही नाही.

कविता जमिनीवर पालथी झाली, मान पलीकडे वळवून. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत चोचीखाली. मनगट वर वळवून फटीत. त्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या. त्याही माझ्याच हट्टाने! शिलाईच्या कामात अडकतात म्हणून ती एकच घालायची, पण मी सकाळी म्हटलं होतं, सणासुदीला हात मोकळा नको. भूत मानत नव्हते, बांगड्या मात्र मोजून मानत होते.

"मिळाला नट," ती म्हणाली.

आणि खालून कर्र... असा आवाज आला. बिस्किट दाताखाली फुटावं तसा. वरच्या ब्लॉकला उभी चीर गेली. मी ती पाहिली. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत तो ब्लॉक बसला, त्याच्या मागोमाग खालचाही. पांढरी भुकटी पसरली.

चोच खाली आली नाही.

मी पुन्हा सांगते. चोचीखाली काहीही नव्हतं. भुकटीचा ढीग, त्याच्या वर चार बोटं मोकळी जागा, आणि वर ते लोखंड. नव्या जॅकचा पाय आत होता, जमिनीपासून चांगला वीतभर वर. आणि त्या लोखंडाखाली काँक्रीटवर टेकलेला माझ्या सुनेचा हात.

मग आवाज सुरू झाला. टक्... टक्... टक्... जॅकचं हँडल फिरताना दाते सरकतात ना, तो. पंचवीस वर्षं मी तो आवाज स्वयंपाकघरातून ऐकला होता. सावकाश, एकसारखा. माझ्या पाठीमागून येत होता. तुळशीच्या बाजूने.

"आई, हँडल कशाला फिरवताय?" कविता म्हणाली. मान पलीकडे होती तिची, तिला काही दिसत नव्हतं. "माझा हात आहे आत!"

माझे दोन्ही हात रिकामे होते. मी मागे वळले नाही. धीर म्हणून नाही हो, वळताच आलं नाही. गुडघ्यांवर बसले आणि शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हणाले, "हात काढ, कविता."

"बांगड्या अडकल्यात."

"ओढ."

"बोल्टात अडकल्यात आई, निघत नाहीयेत!"

टक्... टक्... आता दोन टकमधलं अंतर वाढायला लागलं होतं. दमलेला माणूस फिरवतो तसं. मी चोचीखाली दोन्ही हात घातले, तिचं मनगट दोन्ही मुठींत धरलं आणि बांगड्यांसकट दाबलं. काचा फुटल्या. तिच्या हातात गेल्या, माझ्याही गेल्या. ती ओरडली.

"जॅक बसला का?" घरातून प्रशांत ओरडला. म्हणजे आवाज त्यालाही गेला होता!

टक्...

मी पाय रोवून मागे झोकून दिलं. आम्ही दोघी उताण्या पडलो, रक्त, काच, भुकटी सगळं अंगावर. आवाज थांबला. एक श्वास घेता येईल एवढी शांतता... आणि धाडकन चोच खाली आदळली. काँक्रीटला तडा गेला. तो अजून आहे, कोणालाही दाखवेन.

प्रशांत धावत आला. कविताचा हात धुतला, हळद दाबली, मग डॉक्टरकडे नेऊन तीन ठिकाणी टाके. हाड शाबूत. बोटं शाबूत. दोघं डॉक्टरकडे गेले तेव्हा मी अंगणात एकटीच राहिले आणि तेव्हा कुठे पिंपाकडे गेले.

जुना जॅक पडला होता तिथेच होता. पण ज्याचा पाय वर्षभर कोणाला हलवता आला नव्हता, तो पाय चार बोटं बाहेर आला होता. बाहेर आलेला भाग लख्ख, गंजाचा ठिपका नाही. आणि पायाच्या तळाला, जिथे तो जमिनीला टेकतो तिथे, पांढरी भुकटी. उडून बसलेली नव्हे, वजनाखाली दाबून थापलेली.

मी ती पदराने पुसली. का पुसली, विचारू नका. चोरी लपवावी तशी पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांतने मित्रांना बोलावून, ओतीव लोखंडाचा आधार लावून नवा जॅक बसवला. होडीतलं पाणी आधी ओतून. गणपती व्यवस्थित गेले. पण जॅक बसवताना त्याने खोकं पुन्हा उघडलं आणि तसाच उभा राहिला. नव्या जॅकचं हँडल खोक्यात होतं, प्लॅस्टिकसुद्धा फाडलेलं नाही.

"आई, काल मग तू काय फिरवत होतीस?"

"तुझं डोकं," मी म्हणाले. "टेम्पो आला बघ."

त्याने पुन्हा विचारलं नाही. कविताने मात्र सगळीकडे सांगितलं, आईंनी ऐनवेळी जॅक फिरवून चोच तोलून धरली म्हणून माझा हात राहिला. दिवाळीला मला मोरपंखी साडी घेतली. मी ती नेसले. मिरवलेसुद्धा! ज्या बाईने तिचा हात तिथे घालायला लावला, तीच बाई त्या साडीत फराळ वाटत फिरत होती.

खुलासे मी बरेच ऐकलेत. कंपनीतल्या एका जुन्या इंजिनियरला नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, ब्लॉक बसताच होडीतलं पाणी हिसक्याने मागे गेलं असेल, ट्रेलर तेवढ्यापुरता तोलला असेल. मानते. पण पुढे साचलेलं पाणी मागे जाऊन इतका वेळ कोणासाठी थांबून राहिलं? घावांनी जुन्या जॅकचा गंज सुटला असेल, हेही मानते. मग हँडल कोणी फिरवलं? आणि तुमच्या मनात आलंय ते मला कळतंय. तेही मी मानलं असतं, पण आमचे हे असते तर आधी ठोकळ्यावरून मला चार शिव्या घातल्या असत्या. शिव्या दिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात एक बोल्ट आवळला नाही.

इथे टाकायच्या आधी हे सगळं काल मी कविताला वाचून दाखवलं. म्हटलं, अकरा वर्षांचं ओझं, आता उतरवू. साडी परत मागितली तर देऊ.

ती मशीनवर शिवण घालत होती. मनगटावरच्या तीन पांढऱ्या खुणा कापडावरून सरकत होत्या. वाचून झालं तरी तिने पाय थांबवला नाही.

"मला माहीत होतं, आई," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही नव्हता फिरवत ते. तुमचे दोन्ही हात माझ्या मनगटावर होते ना. आणि आवाज चालूच होता."

"मग अकरा वर्षं लोकांना काय सांगत होतीस? आणि साडी कशाची घेतलीस?"

"हात धरल्याची," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

जुना जॅक अजून पिंपापाशीच आहे. भंगारवाल्याला देत नाही. दर वर्षी विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी त्याचं हँडल फिरवून बघते. गेल्या वर्षी प्रशांतने पाईप घालून जोर लावला, तर हँडल वाकलं. पाय तिळभर हलला नाही, तसाच आहे, चार बोटं बाहेर. शेजारी बाभळीचा नवा ठोकळा ठेवलाय मी. त्याला कोणी हात लावलेला मला चालत नाही.

कोणाला काही कळत असेल तर सांगा. मला कळलेलं नाही.